फुकटची पेटी आणि मी

मी बोलतेय म्हसावदहून, रंजनाबाईंच्या टेबलाच्या खणातून. मी एक डायरी आहे. वर कापसाच्या बोंडाचं चित्र, मागे एका बियाणं कंपनीचं अर्धवट पुसलेलं नाव, आणि पोटात तीनशेच्या वर माणसांचे पासवर्ड. आता त्यातले बहुतेक खोडले गेलेत. का खोडले गेले, तेच सांगायला बसलेय.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. पोटात दुसऱ्यांची गुपितं असली की स्वभाव असाच होतो. कोणी टेबलाशी वाकलं की मी आधी त्याचे डोळे कुठे जातात ते बघायची. बोलता बोलता चष्मा पुढे ओढणाऱ्या माणसांवर माझा विशेष रोख असायचा.

मी विकत आलेली नाही. रंजनाबाईंचे यजमान कपाशीचं बियाणं आणायला शहाद्याला गेले होते. दुकानदारानं पाकिटांबरोबर मला पिशवीत टाकलं. यजमानांनी पपईला पाणी कधी दिलं याच्या तीन ओळी माझ्यात लिहिल्या आणि कंटाळून मला फळीवर ठेवलं. तिथे मी चार महिने धूळ खाल्ली. मग एक दिवस रंजनाबाईंनी मला फडक्यानं पुसलं आणि दुकानात नेलं.

दुकान एसटी स्टँडवरून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म. बाजाराच्या दिवशी तोरणमाळकडून जीपगाड्या भरून माणसं उतरतात आणि निम्मी तरी आमच्या पायरीवर येऊन बसतात. कोणाला दाखला हवा असतो, कोणाला शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा असतो, कोणाला पोरीच्या ॲडमिशनचा. प्रत्येक वेबसाइट पहिल्यांदा एकच मागते, नाव सांगा आणि पासवर्ड ठरवा. माणसं रंजनाबाईंच्या तोंडाकडे बघायची. डोंगरावर फोनला रेंज नाही, फोन घरात एक, तोही पोरगा गुजरातेत कामाला घेऊन गेलेला. मग सगळे म्हणायचे, "बाई, तुमीच ठेवा."

त्यांनी ठेवायचे म्हणजे मी ठेवायचे.

रंजनाबाईंनी त्यात एक सोय करून घेतली होती. सगळ्यांचा पासवर्ड एकाच वळणाचा. माणसाचं नाव, मग ॲट, मग वन टू थ्री. रिना ॲट वन टू थ्री. हिलाल ॲट वन टू थ्री. टाइप करताना त्या तो मोठ्यानं म्हणायच्या, आणि बाकावरची माणसंही ऐकायची. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी वाकणाऱ्यांचे डोळे बघत होते. ऐकणाऱ्यांचे कान बघायचं मला सुचलं नाही.

शेजारी किशनलाल जैन यांचं कापडाचं दुकान. त्यांची सून रूपल सेंधव्याची, आठवड्यातून तीन दिवस शहाद्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला जाते. जूनमध्ये एकदा ती प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स काढायला आली. मी टेबलावर उताणी पडलेली. तिनं एक नजर टाकली आणि तिचा हात थांबला.

"काकी, हे सगळ्यांचे पासवर्ड आहेत? असे उघड्यावर?"

"उघडावर कोठे शे?" रंजनाबाई म्हणाल्या. "सांजले खणमा ठेस ना मी."

रूपल स्टूल ओढून बसली. तिनं सांगितलं की पासवर्ड ठेवायला कॉम्प्युटरवर आणि फोनवर एक ॲप मिळतं, पासवर्ड मॅनेजर म्हणतात. एक कुलूपबंद पेटी समजा. सगळे पासवर्ड त्यात राहतात, पेटीला एकच मोठा पासवर्ड, आणि तो फक्त आपल्या डोक्यात. प्रत्येक खात्याला वेगळा, लांबलचक, कोणाला अंदाजही करता येणार नाही असा पासवर्ड पेटी स्वतःच बनवते. आपल्याला पाठ करावा लागत नाही. आणि ही पेटी फुकट मिळते.

फुकट म्हटल्यावर रंजनाबाईंच्या भुवया जवळ आल्या. माझ्याही पानांत काहीतरी सळसळलं.

"फुकट शे? मंग तेसले काय भेटस?"

रूपलनं प्रश्न उडवून लावला नाही. ती म्हणाली, "काकी, हे विचारायलाच पाहिजे. प्रत्येक फुकट ॲप चांगलं नसतं. मी जे सांगते ते बरीच वर्षं चालू आहे, बाहेरच्या जाणकारांनी तपासलंय. मोठ्या कंपन्यांना ते जादा सोयी विकतात, त्यावर त्यांचं चालतं. आपल्याला लागते तेवढी साधी पेटी ते फुकट देतात. आणि किल्ली त्यांच्याकडे नसते. तुम्ही तुमचा मोठा पासवर्ड विसरलात, तर तेही उघडून देऊ शकत नाहीत."

तिचं बोलणं सरळ होतं, पण मला ते पटलं नाही. ज्याला हात लावता येत नाही, ज्याची पानं मोजता येत नाहीत, ते कुठल्या परमुलखातल्या मशीनमध्ये पडून राहणार आणि त्याला म्हणायचं सुरक्षित? मी स्वतः बियाण्याबरोबर फुकट आलेली, हे तेव्हा मला आठवलं नाही. स्वतःबद्दलचं असलं काही वेळेवर आठवत नाही.

रंजनाबाईंनी नको म्हटलं. दोन आठवड्यांनी रूपलच्या आग्रहाला मान देऊन त्या एवढ्यावर आल्या की अकराव्या पानावरची वीस नावं पेटीत घालून बघू. नर्सिंगच्या ॲडमिशनचे फॉर्म भरलेली पोरं त्या पानावर होती. मला बाजूला उघडी ठेवून त्यांनी एकेक नाव पेटीत उतरवलं. पेटीनं प्रत्येक नावापुढे तांबडी खूण केली. रूपल म्हणाली, पासवर्ड कच्चे आहेत असं ती सांगतेय, बदलून टाकू. रंजनाबाई म्हणाल्या, नको, लोकांना सवय आहे, पेटी पेटीच्या जागी राहू दे. तांबड्या खुणा तशाच राहिल्या.

एक गोष्ट मात्र मला लागली. पेटीचा मोठा पासवर्ड ठरवायच्या वेळी रूपलनं तोंड रस्त्याकडे फिरवलं आणि म्हणाली, एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या, मला सांगू नका. रंजनाबाईंनी अहिराणीतले चार शब्द घेतले असावेत, कारण त्या टाइप करताना एकट्याच हसल्या. ते शब्द माझ्यात लिहिले गेले नाहीत. दुकानातला हा पहिला पासवर्ड, जो मला ठाऊक नव्हता.

दुसऱ्या दिवशी धानोऱ्याहून मोगी वळवी नावाची पोरगी वडिलांबरोबर आली, तिचाही नर्सिंगचाच फॉर्म. पेटी उघडायचा रंजनाबाईंना कंटाळा आला. त्यांनी तिचं नाव अकराव्या पानाच्या कडेला आडवं लिहून टाकलं, कारण खाली जागा नव्हती. मला बरं वाटलं. शेवटी हात माझ्याकडेच वळला होता.

त्या दिवसांत उमाकांत नावाचा एक माणूस दुकानात यायचा. नंदुरबारला त्याचं ॲडमिशन मार्गदर्शनाचं ऑफिस आहे असं तो सांगायचा. ताई, ताई करायचा, पेनं वाटायचा, यजमानांच्या पपईची चौकशी करायचा. म्हसावदच्या इतक्या माणसांवर मी संशय घेतला, पण या माणसावर कधी घेतला नाही. कारण तो माझ्याकडे चुकूनही बघायचा नाही. एका रविवारी, ऐन बाजाराच्या गर्दीत, त्याचा फोन आला. हिलाल नावाचा मुलगा त्याच्यासमोर बसलाय, त्याचा फॉर्म अडकलाय, पासवर्ड हवाय. पायरीवर चौदा माणसं होती. रंजनाबाईंनी मला उघडलं, काम केलं, मिटलं. अर्धं मिनिटही लागलं नसेल.

पुढच्या शुक्रवारी सकाळी इंद्रसिंग आणि त्याची मुलगी रिना तोरणमाळहून आले.

रिनाला रंजनाबाई दहावीपासून ओळखत होत्या. आश्रमशाळेत शिकलेली, शांत, बोलायच्या आधी शब्द जुळवून घेणारी. तिच्या गावात बाळंतपणाला अडलेल्या बाईला झोळी करून घाटाखाली आणावं लागतं. दोन वर्षांपूर्वी तिची मामी तशीच झोळीत वाटेत गेली होती. नर्सिंग तिनं त्यानंतर ठरवलं. मार्क चांगले होते. तिनं फॉर्ममध्ये तीन सरकारी कॉलेजं टाकली होती, नंदुरबार, धुळे, जळगाव, याच क्रमानं.

त्या दिवशी पहिली यादी लागली होती. रंजनाबाईंनी तिचं खातं उघडलं. स्क्रीनवर एका दूरच्या खासगी कॉलेजाचं नाव होतं, साडेचारशे किलोमीटरवरचं. फी वाचून इंद्रसिंगनं मुलीकडे बघितलं, मुलीनं स्क्रीनकडे.

"हे नाव मी लिहिलंच नव्हतं," रिना म्हणाली.

रंजनाबाईंनी फॉर्म उघडला. तिन्ही कॉलेजं गायब. त्यांच्या जागी हे एकच, आणि अर्ज पक्का केल्याचा शिक्का. खाली तारीख आणि वेळ होती. मंगळवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटं.

इंद्रसिंग घरी पावरी बोलतो, बाजारात तुटक मराठी. तो रागावला नाही. बराच वेळ तो पायरीच्या कडेवरचा चिखल काडीनं खरवडत राहिला आणि मग म्हणाला, "बाई, पासवर्ड आमच्याकडे नव्हता. तुमच्याकडेच होता."

रंजनाबाईंचा चेहरा उतरला. बारा वर्षांच्या दुकानात त्यांना असं कोणी बोललं नव्हतं.

त्यांचा पहिला संशय पेटीवर गेला. साहजिकच होतं. त्या तडक शेजारी गेल्या आणि सासऱ्यांच्या देखत त्यांनी रूपलला बोलावून आणलं. फुकटचं काही घेऊ नये असं मला वाटत होतं, तुझ्या भिडेखातर घेतलं, आता या पोरीच्या आयुष्याचं काय, असं त्या भर दुकानात म्हणाल्या. रूपलचा चेहरा पांढरा पडला. तरी तिनं पेटी उघडायला लावली आणि दाखवलं की ती आजवर याच एका कॉम्प्युटरवर उघडली गेलीय, आणि मंगळवारी तर उघडलेलीच नाही.

"ती नोंद ती पेटीच लिखस," रंजनाबाई म्हणाल्या. "तिन्हावर भरोसा कसा ठेवू मी?"

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. मी म्हटलंच होतं. रूपल निघून गेली. किशनलाल शेजारी गल्ल्यावरून सगळं ऐकत होते. दोन दुकानांच्या मधल्या भिंतीला एक खिडकी आहे, चहाचे कप तिच्यातून इकडे तिकडे जायचे. त्या दुपारी ती लागलेली होती.

मग रंजनाबाईंच्या डोक्यात ती वेळ घोळायला लागली. मंगळवार, एक वाजून दहा. त्या वेळी त्या घरी जेवायला गेलेल्या असतात. त्यांच्या खुर्चीवर तासभर ईश्वर आबा बसतात, यजमानांचे चुलतभाऊ, शहादा डेपोतून रिटायर झालेले एसटी कंडक्टर. चार वर्षं ते असे बसत आले, कधी चहापेक्षा जास्त काही घेतलं नाही. माझाही रोख लगेच तिकडे फिरला. ते चष्मा पुढे ओढतात. त्यांनी मला उघडून बघितलंय, मला आठवतं, पेन शोधताना.

दुपारी आबा आले तेव्हा रंजनाबाईंनी त्यांना नीट विचारलंसुद्धा नाही. मंगळवारी तुमच्यासमोर कोण कोण बसलं होतं, तुम्ही कोणाला डायरी दाखवली, कोणाला कॉम्प्युटर वापरू दिला, असे प्रश्न आडून आडून आले. आबांना तिसऱ्या प्रश्नाला कळलं की हे काय चाललंय. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"रंजना, तीस वरीस मी गाडीवर व्हतू. कोनाले चुकीना थांबावर उतारं नही."

दुकानाची जादा किल्ली त्यांच्याकडे असायची. ती टेबलावर, माझ्या अंगावर ठेवून ते गेले. ती किल्ली संध्याकाळपर्यंत माझ्या अंगावर तशीच होती. रंजनाबाईंनी ती उचलली नाही.

शनिवारी सकाळी रूपल परत आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. ती म्हणाली, "काकी, माझ्यावर रागवा, पण आधी बाकीची खाती बघू. एकट्या रिनाचंच झालंय का?"

हे रंजनाबाईंना सुचलंच नव्हतं. दोघींनी मिळून दुपारपर्यंत फोन लावले, ज्यांना लागले त्यांची खाती उघडली. दहाव्या पानावरचं एकही खातं बिघडलेलं नव्हतं. बाराव्यावरचंही नाही. अकराव्या पानावर चार खाती बदललेली निघाली. चारही जणांच्या फॉर्मवर तेच दूरचं कॉलेज, चारही बदल मंगळवारी एक ते दीडच्या मधले.

"म्हणजे जे झालं ते या पानाचं झालं," रूपल म्हणाली.

"आन् हाई पान तुन्ही पेटीमा बी शे," रंजनाबाई म्हणाल्या.

रूपल मान हलवून पुन्हा नावं वाचायला लागली. वाचता वाचता तिनं मला आडवं फिरवलं, आणि तिचं बोट कडेवर थांबलं. मोगी वळवी. चौघांतली एक.

"काकी, ही पेटीत आहे?"

रंजनाबाईंनी पेटी उघडली. मोजली. वीस नावं. मोगीचं नाव त्यात नव्हतं. ते फक्त माझ्यात होतं, आडवं.

पेटीत नसलेलं नाव ज्यानं वापरलं, त्यानं पेटीतून घेतलेलं नव्हतं. त्यानं मला वाचलं होतं.

इतकी वर्षं मी येणाऱ्या जाणाऱ्यावर संशय घेत होते, त्यात एक नाव घ्यायचं राहिलं होतं.

रूपलनं अगदी हळू आवाजात विचारलं, या पानाचा कधी कोणी फोटो काढला होता का. रंजनाबाईंनी फोन घेतला, बोट वर वर सरकवत राहिल्या आणि मग फोन टेबलावर ठेवून दिला. स्क्रीनवर उमाकांतला पाठवलेला फोटो होता. रविवारचा. हिलालचा एकट्याचा पासवर्ड वाचून सांगायला वेळ नव्हता म्हणून त्यांनी आख्ख्या पानाचा फोटो पाठवला होता.

मी स्वतःला पहिल्यांदाच बाहेरून बघितलं. अक्षर स्वच्छ होतं. एकवीस नावं, एकवीस पासवर्ड, आणि कडेचं आडवं नावसुद्धा बोट न लावता वाचता येत होतं. रविवारी माझ्यावर फोनची सावली पडून गेली होती. मला वाटलं होतं, सावलीच तर आहे.

रंजनाबाईंनी उमाकांतला फोन केला. पहिल्यांदा तो म्हणाला, ताई, माझा काय संबंध. दुसऱ्यांदा म्हणाला, मीटिंगमध्ये आहे. तिसऱ्यांदा फोन लागलाच नाही. मागाहून कळलं की त्या दूरच्या कॉलेजाला पोरं मिळवून द्यायचं काम त्याच्याकडे होतं. त्याच्यावर तक्रार झाली आहे, चौकशी चालू आहे असं सांगतात. त्याच्याबद्दल मला याहून जास्त माहीत नाही.

त्याच संध्याकाळी रंजनाबाई ईश्वर आबांच्या घरी गेल्या. तिथे मी नव्हते, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी रूपलला सांगितलं ते ऐकलं. त्या आबांच्या पाया पडल्या. आबांनी बायकोला चहा ठेवायला सांगितला, पावसाचं बोलले, एसटीच्या नव्या गाड्यांचं बोलले. किल्लीचा विषय दोघांनीही काढला नाही. रंजनाबाई किल्ली घेऊन गेल्या होत्या आणि किल्ली घेऊनच परत आल्या.

रूपलला त्या काय म्हणाल्या, तेही मी ऐकलं. "तुले मी चारचौघामा बोलनू. आते चारचौघामाच सांगस, मन्ही चूक व्हती." असं म्हणून त्यांनी मधल्या भिंतीची खिडकी उघडली आणि किशनलालना ऐकू जाईल असं तेच परत एकदा सांगितलं.

सोमवारी नंदुरबारच्या ॲडमिशन मदत केंद्रावर जायचं ठरलं. पहिल्या यादीवर हरकत घ्यायची ती शेवटची तारीख होती. अर्जात खातं कसं उघडलं गेलं ते लिहावं लागणार होतं. रूपल म्हणाली, अज्ञात व्यक्तीनं असं लिहिलं तरी चालेल, तुमचं नाव आलं तर ऑनलाइन फॉर्म भरायचा दुकानाचा आयडी जाऊ शकतो. इंद्रसिंगही मान हलवत होता, त्याला बाईंचं नुकसान नको होतं. रंजनाबाईंनी कागद पुढे ओढला आणि माझ्याच अंगावर ठेवून लिहिलं. पेनाचा दाब मला अजून आठवतो. 'सदर विद्यार्थ्यांच्या पासवर्डच्या पानाचा फोटो माझ्या फोनवरून गेला. चूक माझी आहे, मुलांची नाही.' खाली सही आणि दुकानाचा शिक्का.

मग सगळे जीपमध्ये बसले. रिना, इंद्रसिंग, मोगीचे वडील, रंजनाबाई, आणि पुरावा म्हणून पिशवीत मी.

अर्ज मान्य झाला. त्या कॉलेजातल्या जागा रद्द झाल्या, पोरं पुढच्या याद्यांसाठी धरली गेली. पण तोवर नंदुरबारची जागा गेली होती. रिनाला जळगाव मिळालं, मोगीला धुळे. तिसऱ्या मुलीचं नाव तिसऱ्या यादीत लागलं. चौथ्या मुलाच्या बापानं भीतीपोटी त्या दूरच्या कॉलेजात आधीच पैसे भरले होते, तो मुलगा तिथेच गेला. रंजनाबाई अजून महिन्यातून एकदा त्याला फोन करतात. तो नीट बोलतो. फोन ठेवल्यावर त्या थोडा वेळ काही काम करत नाहीत. दुकानाचा आयडी दीड महिना बंद राहिला, तेवढे दिवस त्यांनी फक्त झेरॉक्स काढल्या.

जळगावला जायच्या आधी रिना एकदा दुकानात आली. वडिलांनी तिला फोन घेऊन दिला होता. रंजनाबाई म्हणाल्या, मी तुझं खातं पेटीत ठेवते, आता पासवर्डही बदलू. रिनानं नेहमीसारखे शब्द जुळवले.

"नको ताई. माझा पासवर्ड मीच ठेवणार."

तिनं रूपलकडून तीच फुकटची पेटी आपल्या फोनवर घेतली होती. मोठ्या पासवर्डचे शब्द तिनं कोणते घेतले, ते रूपललाही ठाऊक नाही. पावरीतले असतील. ते माझ्यात कधीच लिहिले जाणार नाहीत, याचं मला आता वाईट वाटत नाही. रंजनाबाईंनी कीबोर्ड तिच्याकडे सरकवला आणि त्या म्हणाल्या, "मंग मी तोंड फिरावस. तू लिख." त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. रिनानं माझ्यासमोर बसून आपला जुना पासवर्ड बदलला. त्या दिवसापासून दुकानाची ती रीतच झाली आहे. पासवर्डची चौकट आली की रंजनाबाई उठून भिंतीकडे तोंड करतात. नवी माणसं आधी गोंधळतात, मग हसतात, मग एका बोटानं लिहायला लागतात.

सगळं सुटलंय असं नाही. ज्यांच्या घरात लिहिणारं कोणीच नाही, त्यांचे पासवर्ड रंजनाबाईंना ठेवावेच लागतात. ते आता पेटीत असतात, प्रत्येकाचा वेगळा, मला वाचताही येणार नाही असा. मोठ्या पासवर्डचा एक कागद घरी ट्रंकेत आहे म्हणे, विसरायला नको म्हणून. माझा पेटीवर पुरता विश्वास बसलाय असंही समजू नका. उद्या तिलाही कोणी फोडेल का, ती कंपनी विकली गेली तर काय, हे मी खणात पडल्या पडल्या विचारत असते. रूपल म्हणते विचारत राहावं. पण एक कबूल करते. पेटी वाचायला तिचे चार शब्द लागतात. मला वाचायला फक्त उघडावं लागतं.

ईश्वर आबा महिन्यानं परत यायला लागले. पण खुर्चीवर बसत नाहीत. बाहेर बाकावर बसतात आणि कोणी आलं की आत हाक मारतात.

आता माझं काय, तेवढं सांगून संपवते. खाती बदलत गेली तसतशा माझ्या ओळी तांबड्या पेनानं खोडल्या गेल्या. ज्या दिवशी शेवटची ओळ खोडली जाईल, त्या दिवशी मला बादलीत भिजवून लगदा करायचा असं ठरलंय. मला त्याचं दुःख नाही. भिजल्यावर मला कोणी वाचू शकणार नाही.

फक्त एक ओळ राहिली आहे. जान्या म्हणून एक माणूस आहे, घाटावरचा. दिवाळीनंतर बायकापोरांसह गुजरातेत ऊसतोडीला गेला. त्याच्या मुलाच्या शिष्यवृत्तीचा पासवर्ड माझ्यात आहे, अजून त्याच जुन्या वळणाचा. त्याला विचारल्याशिवाय बदलायचा नाही असं रंजनाबाई म्हणतात, आणि तो होळीशिवाय परतायचा नाही. फोन लागत नाही.

तोवर मी इथे आहे, कुलूप लावलेल्या खणात. येणाऱ्याजाणाऱ्यावरचा माझा संशय संपला. आता मला भीती वाटते ती माझीच. म्हणून हात जोडून सांगते, मला हात नाहीत तरी सांगते. होळीच्या आधी कधी हा खण तुमच्या समोर उघडा राहिला, आणि मी तुम्हाला दिसले, तर मला उघडू नका. फोन खिशातच राहू द्या. जान्याची एक ओळ माझ्याकडे आहे, आणि मला ती झाकता येत नाही.